तेलाची तार

तमाम सज्जनांना, विशेषतः ज्यांच्या दारात चारचाकी आणि घरात बायको आहे अशा सर्व गृहस्थांना, अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ सापडलेलं आहे. ते मोहात नाही, मायेत नाही, आणि तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण सरकारातही नाही. ते पातळपणात आहे. हा शोध मलकापूरच्या आमच्या गल्लीत लागला आणि तो लावला आमचे शेजारी प्रल्हादकाका यांनी.

थांबा, टाळ्या नंतर. आधी माणूस पाहून घ्या.

काका स्वतः इतके काटकुळे होते की बुशशर्ट त्यांनी घातलाय की खुंटीने, असा लांबून प्रश्न पडे. पंचायत समितीतून मोठे बाबू म्हणून निवृत्त झालेले. इतर बाबूंच्या खिशात पेन असतं, काकांच्या खिशात एक सुती चिंधी असे. ती गाडीतल्या ऑईलची पातळी बघायची दांडी पुसायला. लग्नाला जाताना खिशात धुतलेली चिंधी असे, एवढाच काय तो थाट.

कुसुमकाकूंनी चहा आणला की काका आधी कप तिरका करून बघत. चहा कपाच्या भिंतीला धरून सावकाश उतरला तर ओठाला लागे. भरकन उतरला तर आतल्या दिशेने हाक जाई, "कुसुम, हा चहा हाय का भांडे धुतलेलं पानी?" वरणात चमचा उभा राहिला पाहिजे. आमरसात पाणी घालणारा माणूस त्यांच्या लेखी जवळजवळ गुन्हेगार होता. आणि माणसांचा निकाल ते एका शब्दात लावत. "पातळ हाय थो." यापेक्षा मोठी शिवी त्यांच्याकडे नव्हती. उलट कुणी मनात भरला तर म्हणत, "माणूस दोनतारी हाय बरं!" इतकी वर्षं शेजार करून मी मात्र एकतारीवरच राहिलो. मी शाळेत मराठी शिकवतो, त्याचा परिणाम असावा.

ही तार आली कुठून, तेही सांगतो. काकांचे वडील रोहिणखेडचे आचारी. पंचक्रोशीतल्या लग्नात बुंदीचा पाक त्यांच्याच हातचा. पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचा, बोटं हळूच फाकवायची आणि मध्ये तार धरते का ते पाहायचं. एक तार, दोन तारा, त्यावर लाडवाचं भवितव्य. वडिलांकडून काकांना ना शेत मिळालं ना दुकान. मिळाली ती ही दोन बोटं. आणि ती बोटं त्यांनी थेट इंजिनात घातली.

म्हणजे असं, की दर रविवारी सकाळी काका आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडत. ओट्यांवर माणसं जमत, कारण फुकटात याहून चांगला कार्यक्रम गल्लीत नव्हता. काका दांडी ओढत, चिंधीने पुसत, पुन्हा बुडवत, आणि टोकावरचा थेंब बोटांत घेत. बोटं फाकत. सगळे श्वास धरून बसत. मग काका मान हलवत. "हाय. तार हाय." आणि बॉनेट धाडकन बंद.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ऑईलच्या डब्यावर दोन आकडे असतात. पहिला सांगतो, इंजिन थंडगार असताना तेल किती चटकन पळेल. तो जितका लहान तितकं तेल चपळ. दुसरा सांगतो, इंजिन तापल्यावर तेलात किती दम उरेल. काकांचं तेल वीस-पन्नास. म्हणजे म्हातारा पैलवान. उठायला वेळ लावतो, पण एकदा उठला की हलत नाही. जुन्या झिजलेल्या इंजिनाला तेच लागायचं, आणि त्या गाडीपुरते काका शंभर टक्के बरोबर होते. सगळा घोटाळा तिथेच झाला. माणूस एकदा बरोबर निघाला की त्याला थांबवणं कठीण.

एका मे महिन्यात आम्ही त्या गाडीतून बुलढाण्याला लग्नाला निघालो होतो. राजूरच्या घाटात वऱ्हाडाच्याच गाड्या वाफा सोडत, तोंडं उघडून उभ्या होत्या. आमची म्हातारी गुरगुरत त्यांना ओलांडून गेली. काकांनी पुढे जाऊन गाडी थांबवली, खिशातली धुतलेली चिंधी काढली आणि एखाद्या डॉक्टरने वॉर्डात फिरावं तसे ते प्रत्येक गाडीपाशी गेले. दांडी ओढायची, बोटं फाकवायची, चटका बसला की हात झटकायचा आणि निकाल सांगायचा.

"पातळ! सांगतो ना, पातळ!"

"काकाजी, रेडिएटरचं पानी संपलं हाय," एक ड्रायव्हर कळवळून म्हणाला. "तेलाचा काई संबंध नाई."

"पानी काऊन संपलं? तेल पातळ म्हून संपलं!"

नवरदेव घामाघूम होऊन रस्त्याच्या कडेला उभा होता. त्याला काका जाता जाता म्हणाले, "बापू, संसारात लक्षात ठेवजो." काय लक्षात ठेवायचं ते त्याला कळलं नसावं. काकू गाडीत मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकूंचं हेच. गोल चेहरा, गालात हसू, बोलणं मोजकं. गाडीत डाव्या बाजूची जागा त्यांची. पण तेल या विषयावर त्यांनी उभ्या आयुष्यात एक शब्द काढला नव्हता. गल्लीत तसं करणाऱ्या त्या एकट्याच.

मुलगी वर्षा. तिला पाहायला पुण्याचा मुलगा आला तेव्हा काकांनी त्याला गप्प बसून न्याहाळलं आणि तो गेल्यावर निकाल दिला, "बोलते लय भराभर. पातळ वाट्टे." वर्षाने त्याच्याशीच लग्न केलं. आणि जुन्या गाडीने शेवटी जीव सोडला तेव्हा त्याच पातळ जावयाने नवी कोरी गाडी सासऱ्याच्या दारात आणून उभी केली.

गल्ली जमली. नारळ फुटला. काकांनी बॉनेट उघडलं, दांडी काढली, बोटं फाकवली. काही नाही. पुन्हा बुडवली, पुन्हा फाकवली. तार नाहीच. काका अगदी हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, याच्यात तेल टाकाचं राहून गेलं वाट्टे."

"आहे बाबा. झिरो-ट्वेंटी आहे, ते पातळच असतं. या इंजिनाचे भाग एकमेकांना अगदी चिकटून असतात, तेलाच्या वाटा बारीक. तेल लगेच पोचायला हवं. पुस्तकात लिहिलंय सगळं."

काका मान डोलावत राहिले. मुलगी-जावई पुण्याला गेले आणि त्याच दुपारी काका हायवेवरच्या सलीमभाईच्या गॅरेजात हजर झाले. मी सोबत होतो. असे प्रयोग मी चुकवत नसे.

"काढ हे सरबत," काका म्हणाले. "वीस-पन्नास टाक."

"काकाजी, नवी गाडी हाय. कंपनीनं लिवलं हाय..."

"कंपनी कुठली बे?"

"जपानची."

"अन् ऊन?"

सलीमभाईने आभाळाकडे पाहिलं. आभाळ पांढरं झालं होतं, ट्रकवाले ट्रकखाली झोपले होते. "ऊन तं मलकापूरचंच हाय," तो म्हणाला. "पन मेरी मानो तो..."

"मंग?"

सलीमभाईने हात वर केले. गाडी तुमची, मर्जी तुमची. इथवर ही गोष्ट मी चारचौघांत नक्कल करून सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. पुढची सहसा सांगत नाही.

उन्हाळा गेला, काही झालं नाही. काका जिंकले. थंडी आली तशी सकाळी गाडी सुरू केली की इंजिनातून टकटक, टकटक असा आवाज येऊ लागला. जरा वेळाने तो आपोआप थांबे. "घसा साफ करून राह्यली," काका म्हणत. मग समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागून राहिला. काकांनी शेगावहून आणलेला महाराजांचा छोटा फोटो बरोबर त्या दिव्यावर चिकटवला. आता दिवा लागला की महाराजांच्या पाठीमागे प्रभा पसरल्यासारखी दिसे.

त्याच दिवसांत काकूंना धडधडायला लागलं. जिना चढला की थांबत, छातीवर हात ठेवत आणि ओशाळं हसत. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा ठोका बेताल पडतोय. अशाने आत रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते. त्यांनी एक गोळी लिहून दिली, रोज घ्यायची, आणि अधूनमधून रक्त तपासायचं. गोळी कशाची? रक्त पातळ करायची.

तुमच्या आता लक्षात आलं असेल. माझ्या तेव्हा लगेच आलं नाही. काका दोन्ही घरांमधल्या भिंतीपाशी उभे राहून मला म्हणाले, "गुरुजी, डॉक्टर शिकेल हाय ना? मंग तिचं रक्त पातळ कायले करून राह्यला? आधीच ते अशक्त. घट्ट कराचं का पातळ कराचं?"

"काका, हे तेल नव्हे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका."

"थो पुस्तकातलं सांगते. जपानवालाही पुस्तकातलंच सांगे. झालं काई गाडीले?"

"टकटक करते ना सकाळी."

"अन् मंग चालते का नाई?"

घरातल्या गोळ्या काकांच्या ताब्यात असत. रोज सकाळी ते काकूंच्या तळहातावर गोळ्या ठेवत, बीपीची, साखरेची, आणि काकू न बघता तोंडात टाकत. त्यांतली एक कमी झाली. तिच्याऐवजी बिटाचा रस आला, खजूर आला, अळिवाचे लाडू आले. लाडवांचा पाक काकांनी स्वतः केला, दोनतारी. मी वर्षाला फोन केला. तिने वडिलांना फोनवरून चांगलं फैलावर घेतलं. गोळी मात्र परत आली नाही. त्यावर काका मला एवढंच म्हणाले, "तुम्ही पातळ निघाले, गुरुजी." आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आणि काकू? काकूंचे गाल लाल दिसू लागले होते, लाडू त्यांना आवडत होते, आणि नवऱ्यावर त्यांचा विश्वास होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "थे पाह्यतात ना सगळं."

एका सकाळी अबोला मोडायला म्हणून काकांनी मला ओट्यावर बोलावलं. काकू चहा घेऊन आल्या. उजव्या हातातला कप त्यांनी काकांना दिला. डाव्या हातातला माझ्यापर्यंत पोचलाच नाही. तो बोटांतून सरळ खाली गेला, आणि काकू आपल्याच हाताकडे अशा पाहत राहिल्या, जणू तो कुणी विसरून गेलेला हात आहे. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. शब्द निघाला नाही, ओठ एका बाजूला गेला. फरशीवर तो घट्ट चहा सावकाश, अगदी सावकाश पसरत होता. काका काकूंकडे नाही, त्या चहाकडे पाहत होते.

मी ओरडलो तेव्हा ते हलले.

गाडी सुरू झाली. टकटक, टकटक. काकूंना मागे माझ्या खांद्यावर टेकवलं होतं. डाव्या बाजूची पुढची जागा रिकामी होती. मोताळा गेलं, घाट लागला. चढाला गाडीचा दम जाऊ लागला. काका ॲक्सिलरेटर दाबत होते आणि गाडी ऐकत नव्हती. बुलढाण्याकडे जाणारा उसाचा ट्रॅक्टर आमच्या पुढे होता, आणि त्यालाही आम्हाला ओलांडता येईना. महाराजांच्या मागे दिवा जळत होता.  एका वळणावर काकांनी आरशातून मागे पाहिलं आणि म्हणाले, "कुसुम, आलंच हं." काकूंनी मान हलवली की घाटाने हलली, मला सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी तपासलं, डोक्याचा फोटो काढला. गुठळी लहान होती. वेळेत आलात म्हणाले. संध्याकाळपर्यंत काकूंच्या तोंडून शब्द फुटू लागले, जड, एकमेकांत गुंतलेले. डॉक्टरांनी कॉटपाशी उभं राहून विचारलं, "ती पातळ करायची गोळी चालू होती ना?"

 कॉटवरून काकू मोठ्या कष्टाने म्हणाल्या, "मीच... इसरत होती."

"नाई जी," काका म्हणाले. भिंतीकडे तोंड करून. "थे खोटं बोलून राह्यली. म्या बंद केली होती."

डॉक्टर तरुण होते. ते चिडतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "आजपासून चालू करू." काका हात जोडून उभे राहिले. कुणापुढे ते कळत नव्हतं, कारण डॉक्टर निघून गेले होते.

परत आल्यावर काका सलीमभाईकडे गेले. मीही गेलो. काका बाकावर बसले, चहा आला, तो कप त्यांनी तिरका केला नाही.

"सलीम, सकाळी गाडी थंडी असते. तवा हे तेल वरपर्यंत पोचतच नाई का?"

"पोचते ना काकाजी."

"मंग टकटक काऊन करते?"

सलीमभाई इंजिनाकडे पाहत म्हणाला, "उशिरा पोचते."

"उशिरा," काका म्हणाले. आणि परत एकदा, स्वतःशी, "उशिरा." मग म्हणाले, "काढ हे. पुस्तकात हाय ते टाक." नवं तेल पडताना त्याची धार पाण्यासारखी चमकत होती. काकांनी ती पाहिली नाही. ते गाडीत बसून महाराजांचा फोटो नखाने सोडवत होते. तो त्यांनी वर आरशापाशी लावला. काही दिवसांनी पिवळा दिवा विझला.

काकू सावरल्या. बोलणं बरंच सुटलं, डावा हात मात्र मांडीवरच राहिला. आता चहा काका करत. पहिल्या दिवशी त्यांनी मला दिला तो इतका पातळ होता की कपाचा तळ दिसत होता. मी प्यालो. 

रक्ताची तपासणी नियमाने सुरू झाली. रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा एक आकडा असतो, तो दोन आणि तीनच्या मध्ये पाहिजे. दोनच्या खाली गेला तर गुठळी, तीनच्या वर गेला तर रक्त थांबायचं नाही. काका रिपोर्ट हातात घेऊन गल्लीत शिरत आणि मी दिसलो की लांबूनच बोटांनी दाखवत, अडीच! पण तो जुना थाट नव्हता. माणूस घाबरला होता. मेथी, पालक एकदम जास्त खाल्ली तर गोळीचा जोर कमी होतो असं कळल्यावर ते भाजी वाढताना डाव अर्ध्यात थांबवत. एकदा एका हाताने विळीवर कांदा चिरताना काकूंचं बोट कापलं. रक्त लवकर थांबेना. मी गेलो तेव्हा काका जमिनीवर बसून खिशातल्या चिंधीने ते बोट दाबून धरत होते. रक्त थांबलं तरी त्यांनी सोडलं नाही. "आता सोडा जी, माहा हात दुखून राह्यला," काकू म्हणत होत्या. मला पाहून काका म्हणाले, "गुरुजी, घट्टाचंही भेव अन् पातळाचंही भेव. आता माणसानं पाहाचं तरी काय?"

मी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून दिला. मराठी शिकवणाऱ्याला अशा वेळी काही येत नाही.

रविवारचा कार्यक्रम बंद पडला. कुणी नवी मोटरसायकल घेतली की सवयीने विचारायला येई, काका, कोणतं तेल टाकू? काका म्हणत, "पुस्तकात पाहा." एवढंच. लोक ओट्यावर जरा वेळ रेंगाळत आणि उठून जात. आता ते कुणालाच पातळ म्हणत नसत. जावयालाही नाही. मला तर एकदा दोनतारी म्हणाले, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं नाही. इतक्या सहज कधीच मिळत नव्हतं ते.

मग वर्षाने दोघांनाही पुण्याला न्यायचं ठरवलं. तिथेच काका गेले, गेल्या वर्षी, झोपेत. फोन काकूंनीच केला होता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निघण्याच्या सकाळी. थंडी होती. जावई चालवणार होता. सामान लागलं होतं, काकू पुढे डाव्या जागेवर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या, गल्ली ओट्यांवर उभी होती. सगळे काकांची वाट पाहत होते, आणि काका बॉनेटसमोर उभे होते. त्यांनी ते उघडलं. कितीतरी दिवसांनी. दांडी काढली, चिंधीने पुसली, बुडवली, पुन्हा काढली. थेंब बोटांत घेतला आणि तसेच थांबले. बोटं मिटलेली. ती उघडायला ते धजत नव्हते. त्यांनी उघड्या बॉनेटच्या बाजूने वाकून काचेपलीकडच्या काकूंकडे पाहिलं.

मग हळूच बोटं फाकवली. काका त्या दोन बोटांमधल्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले.  

तेवढ्यात खिडकीतून काकूंचं डोकं बाहेर आलं. ज्या बाईने उभ्या जन्मात तेलाबद्दल एक शब्द काढला नव्हता, ती आपल्या जड जिभेने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "नाई ना आली तार? मंग बसा अन् चाला!"